हत्तिणीचे रुपेरी ब्रेक

मी जन्मभर मोटारींचे ब्रेक रंगवले. हे सांगितलं की समोरचा हसतो. "ब्रेक रंगवतात? तो दिसतो तरी का?" मी म्हणतो, "तुमचा बनियन तरी कुठं दिसतो? पण धुता ना तो?"

या अंकाच्या संपादकांनी मला काहीतरी प्रेरणादायी लिहा म्हणून सांगितलं होतं. तसलं माझ्याकडे नाही. माझ्याकडे सुभद्राबाई आहेत. त्यांच्याबद्दल लिहितो, वाचून कोणाला प्रेरणा झालीच तर ती त्याची त्यानं सांभाळावी.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. जटपुरा गेटाबाहेर शंकर मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार सागवानी खांब, वर टिनाचं छप्पर, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन. मिस्त्री इंजिन आणि चाकं बघायचा, मी रंग. लढाई संपल्यावर पलटणीचं सामान लिलावात निघालं, त्यातून मिस्त्रीनं एक कॉम्प्रेसर आणला होता. तो सुरू झाला की रामनगरापर्यंतची कुत्री भुंकायची. पण हवा जोरात फेकायचा, आणि त्याच्या नळीला लावलेली माझी रंगाची बंदूक त्या वेळी चांद्यात एकमेव होती. त्यामुळे माझी मान जरा ताठ असायची. मिस्त्रीला ती ताठ मान खपत नसे.

सुभद्राबाईंची एक बस होती. चांदा ते गडचिरोली, मूल आणि सावली या गावांवरून, मध्ये वैनगंगा नदी. नवरा हिवतापानं गेला आणि मागे बस ठेवून गेला. दिराला वाटलं, वहिनी बस आपल्या नावानं करून देईल आणि देवधर्म करत बसेल. सुभद्राबाईंनी दिराला घरी बसवलं आणि स्वतः बसमध्ये बसल्या. ड्रायव्हरच्या शेजारची सीट त्यांची. नऊवारी लुगडं, कपाळ कोरं, खांद्याला तिकिटांची पिशवी. बस पलटणीच्या ट्रकवर चांद्याच्या सुतारांनी सागवानी डबा चढवून बांधलेली होती. रंग राखाडी, चाल संथ, आवाज मोठा. लोक तिला हत्तीण म्हणत. "हत्तीण गेली का?" असं विचारलं की समजायचं.

हत्तिणीचा ड्रायव्हर लटारी. उंच, मिशाळ, आणि बढाई मारण्यात पहिल्या नंबरचा. वाघाला हॉर्न वाजवून रस्त्यातून बाजूला केल्याची गोष्ट तो प्रत्येक फेरीला सांगायचा. वाघ फेरीगणिक मोठा व्हायचा.

एके दिवशी सुभद्राबाई गॅरेजात आल्या त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"गणपत, ब्रेकले रंग मारतोस का रे?"

मी म्हटलं, "बाई, बसले मारतो. ब्रेकले कोन मारते?"

"साहेब म्हणते मारा म्हणून."

साहेब म्हणजे मोटारी तपासणारा इन्स्पेक्टर. गडचिरोलीला येऊन तो गाड्या पास करायचा. मागच्या खेपेला त्यानं हत्तिणीचं चाक काढायला लावलं, खिशातल्या किल्लीनं ब्रेकचा ड्रम खरवडला आणि गंजाचा पापुद्रा बाईंच्या पायाशी पाडला. म्हणाला, पुढच्या खेपेला हे असंच दिसलं तर परमिट विसरा. तो माणूस काही वाईट नव्हता. हत्तीण दर फेरीला वैनगंगेच्या पाण्यातून जायची, मग तांबड्या मातीतून, मग पुन्हा पाण्यातून. गंज चढणारच. आणि परमिटावर डोळा ठेवून दोघे-तिघे बसलेलेच होते. त्यात दीर पहिला.

आता ब्रेक म्हणजे काय ते सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तेवढ्यात चहा घ्यावा. चाकाच्या आत लोखंडाचं एक जाड पातेलं असतं, त्याला ड्रम म्हणतात. ते चाकाबरोबर फिरतं. त्याच्या पोटात अर्ध्या चंद्रासारखे दोन तुकडे असतात, त्यांच्यावर लायनिंग नावाची खरखरीत पट्टी बसवलेली असते. ड्रायव्हरनं पाय दाबला की ते दोन्ही तुकडे फाकतात आणि पट्ट्या पातेल्याला आतून घासतात. घासलं की चाक थांबतं. सगळा खेळ घासण्याचा आहे. आणि घासलं की तापतं. उताराला ड्रम एवढा तापतो की थुंकलं तर चर्र होतं. लटारी थुंकूनच पाहायचा.

म्हणजे या पातेल्याला बाहेरून असा रंग पाहिजे, जो तापला तरी जळणार नाही, पाण्यात गेला तरी सुटणार नाही, वरून खडी उडाली तरी टवका जाणार नाही आणि ब्रेकचं तेल गळलं तर विरघळणार नाही. साध्या रंगाला ते तेल मुंग्यांनी गूळ खावा तसं खातं. असा रंग कुठला, हे मला ठाऊक नव्हतं. पण चांद्यातली एकमेव बंदूक माझ्याकडे होती, तेव्हा ठाऊक नाही असं म्हणायची सोय नव्हती.

मी ड्रम घासले, आणि घोडागाडीला मारतात तो चकचकीत काळा तेलरंग पातळ करून बंदुकीनं मारला. असे चकाकले की जणू आरसाच. सुभद्राबाईंनी त्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि मान हलवली.

दोन दिवसांनी हत्तीण एक वऱ्हाड घेऊन मूलकडे निघाली. लोहाऱ्याच्या जंगलातल्या उताराला लटारीनं ब्रेक दाबले, ड्रम तापले आणि माझा आरसा पेटला. म्हणजे जाळ नव्हता, नुसता धूर. पण काळा, दाट, आणि वास असा की केस जळल्यासारखा. "आग लागली बाप्पा, आग!" म्हणून कोणीतरी ओरडलं. हत्तीण थांबायच्या आत अर्धं वऱ्हाड बाहेर. वाजंत्रीवाला ढोलासकट नालीत. नवरदेव बाशिंग बांधून होता, त्याला बाजूचं काही दिसत नव्हतं. तो नाकासमोर पळाला आणि जंगलात शिरला. धूर निवळला, लोक परत आले, ढोल सापडला, नवरदेव सापडेना. शेवटी एका मोहाच्या झाडावर सापडला. वाघाची गोष्ट लटारीनं त्याला थोड्या वेळापूर्वीच सांगितली होती. मुहूर्त हुकला. लग्न लागलं, पण मुलीचा बाप सुभद्राबाईंना जे बोलला ते त्यांनी मला शब्द न वगळता ऐकवलं.

ड्रमवर माझ्या रंगाचे पापडासारखे फुगे आले होते. शंकर मिस्त्रीनं एक फुगा बोटानं फोडला आणि म्हणाला, "कुरकुरीत झाला." त्यावरून आमची जुंपली. कॉम्प्रेसर कोणाचा आणि बंदूक कोणाची, इथपर्यंत गेली. मग आम्ही बोलणं टाकलं. एका छपराखाली दोन माणसं, काम एकाच गाडीचं, आणि निरोप गिऱ्हाइकामार्फत. "पेंटरले सांगा, चाक उतरवलं." "मिस्त्रीले सांगा, दिसते मले." गिऱ्हाईक मध्ये उभं राहून मान इकडून तिकडे फिरवायचं.

सुभद्राबाईंना त्याच्याशी काही घेणं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "तापलेल्या लोखंडावर रंग राह्यते, असं कुठीच नाई का?"

मी विचार केला आणि म्हटलं, "खाणीवर राह्यते. माजरीले. तिथल्या बॉयलरची चिमणी चमकते."

"मग इथी काऊन बसला?"

माजरीच्या कोळसा खाणीवर बॉयलरचा फिटर होता रामय्या, सिरोंच्याकडचा. तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलायचा, आणि दोन्ही भाषांत शिव्या देताना आवाज अजिबात चढवायचा नाही. मी त्याला विचारलं, चिमणीला कोणता रंग मारता? त्यानं पत्र्याचा एक डबा उघडून दाखवला. आत राखाडी वार्निश आणि तळाला बसलेली रुपेरी पूड. ॲल्युमिनियमची. त्यानं काडीनं ढवळलं आणि डब्यात चांदीचं पाणी झालं.

"हे जळत नाई?"

"वार्निश जळते. चांदी ऱ्हाते," रामय्या म्हणाला. "उष्णम लागली की वार्निश उडून जाते, चांदी लोखंडाले चिकटून बसते. पण लोखंड नंगं पायजे, पेंटर. तेल नक्को, गंज नक्को, बोटाचा डाग पण नक्को. अन् जाड मारू नको. जाड मारला तर पापड होते."

पापडाची बातमी माजरीपर्यंत पोचली होती की तो सहज बोलला, हे मी विचारलं नाही.

डबा घेऊन आलो आणि कामाला लागलो. आधी ड्रम पेट्रोलनं धुतले. मग तारेच्या ब्रशानं आणि पॉलिश कागदानं इतके घासले की लोखंड फिकं पडलं. मग पुन्हा पुसले आणि त्यानंतर हात लावायचा तो फडक्यानंच. जिथं रंग जाऊ द्यायचा नाही तिथं जुनी वर्तमानपत्रं गव्हाच्या खळीनं चिकटवली. ड्रमचं पोट आतून पूर्ण झाकलं, चाक जिथं टेकून बसतं ती कड झाकली, बोल्टांची भोकं झाकली. बंदूक हातभर लांब धरायची आणि हात हलता ठेवायचा. थांबला की रंग ओघळतो. पहिला हात इतका पातळ की खालचं लोखंड दिसावं. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. प्रत्येक हातानंतर ड्रम विटांवर पालथा ठेवून खाली कोळशाची शेगडी लावायची, म्हणजे रंग भाजून पक्का होतो. वाटेनं जाणारे विचारायचे, आज काय शिजून राह्यलं? मी म्हणायचो, ब्रेक. एकानं खरंच वास घेऊन पाहिला.

तयार झाले तेव्हा ते चारही ड्रम लग्नातल्या भांड्यांसारखे दिसत होते. कागद सोलून काढले, आतली बाजू जशीच्या तशी कोरी. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. ड्रम वाळत ठेवून मी घरी गेलो. आलो तेव्हा मिस्त्रीनं नवीन लायनिंग घालून चाकं चढवलेली होती. आम्ही बोलत नव्हतोच, तेव्हा प्रश्न आला नाही.

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला तपासणी. सुभद्राबाईंनी हुकूम सोडला, "गणपत, तू पन चाल. साहेबानं काई इचारलं तर मी का सांगू?"

हत्तीण भरून निघाली. मोहाची फुलं वेचायचे दिवस होते. मूलपासून पुढं बाया टोपल्या घेऊन चढत गेल्या. बाजार करून परतणारी माणसं, कोंबड्या, एक बकरी, दोन सायकली टपावर. धानोऱ्याकडची राजोबाई नावाची एक गोंड आजी दाराजवळ टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ती हत्तिणीची जुनी गिऱ्हाईक. लटारीच्या वाघाच्या गोष्टीला ती दर वेळी एकच प्रश्न विचारायची, "तू गाडीत होता का वाघ गाडीत होता?"

वाटेत लटारी दोनदा म्हणाला, "ब्रेक जरा नरम लागून राह्यला." मी म्हटलं, नवीन लायनिंग आहे, बसायला वेळ लागतो. ते खरंही असतं. रस्ता सपाट होता, लटारी गियरवर गाडी सांभाळत होता, त्यामुळे पुढं कोणी काही बोललं नाही.

वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात पाणी आटलं की वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून रस्ता करत आणि मधल्या धारेतून गाड्या जात. काठावरून खाली उतरायला मोठा उतार होता. आम्ही काठावर आलो तेव्हा खाली, तट्ट्यांच्या तोंडाशी, बैलगाड्यांची रांग उभी होती. धारेत एक गाडी रुतली होती, म्हणून सगळ्या खोळंबल्या होत्या. बैल सोडलेले, माणसं गाड्यांखाली सावलीला बसलेली. पोरंबाळंही होती.

लटारीनं उताराला हत्तीण घातली आणि ब्रेक दाबला. हत्तीण थांबली नाही. त्यानं पुन्हा दाबला. सीटवरून उठून दोन्ही पाय दिले. मागची चाकं घासल्याचा आवाज येत होता, पण पुढची नुसती फिरत होती. लटारीच्या तोंडातून पहिल्यांदाच बढाई निघाली नाही. तो म्हणाला, "बाई, लागून नाई राह्यला."

सुभद्राबाईंनी मागं वळून एवढंच म्हटलं, "सारेजन खाली बसा. धरून बसा." आवाज तिकीट मागतानाचाच. सगळे बसले. लटारीच्या मागच्या सीटवरून मी हात लांबवून हॉर्नचा रबरी फुगा धरला आणि दाबत सुटलो. खालचे लोक उठून पळायला लागले, पण गाड्या आणि बैल काय पळणार? एक बाई लेकराला काखेत मारून भलत्याच दिशेला, आमच्यासमोरच, धावली.

लटारीनं हँडब्रेक ओढला, गियर खाली पाडला. इंजिन किंचाळलं. तरी हत्तीण जात होती. मग त्यानं स्टिअरिंग उजवीकडे अख्खं फिरवलं आणि रस्ता सोडला. हत्तीण एका बाजूला अशी झुकली की टपावरची एक सायकल उडून गेली. ती बाई आमच्या डाव्या हाताला राहिली, तिच्या लुगड्याचा पदर दाराला घासून गेला. पुढं कोरडी, भुसभुशीत वाळू. पुढची चाकं तिच्यात शिरली, वाळू बॉनेटवरून काचेवर आली, आणि हत्तीण गुडघे टेकल्यासारखी बसली.

थोडा वेळ फक्त बकरी ओरडत होती. मग राजोबाईचा आवाज आला, "उतरायचं का इथंच?"

कोणाला काही झालं नव्हतं. एकाच्या कपाळाला टेंगूळ, आणि मोह सगळीकडे सांडलेला. लटारी खाली उतरला, चार पावलं गेला आणि वाळूत बसला. मघाची बाई लेकराला घेऊन आली, त्याच्यासमोर उभी राहिली, त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि गेली. लटारी पाणी प्यायला आणि रडला. वाघाची गोष्ट त्यानं त्यानंतर कमी केली.

बैल लावून हत्तीण वाळूतून ओढून काढल्यावर मी पुढचं चाक उचललं आणि ड्रम काढला. आतून चांदी! ज्या पोटाला लायनिंगनं घासायचं, त्या पोटाला कोणीतरी ब्रशानं जाड रुपेरी रंग फासला होता. तापून तो लोण्यासारखा मऊ झाला होता आणि लायनिंगवर लिंपला गेला होता. दुसरा ड्रम काढला, तोही तसाच. मागचे मात्र कोरे.

"हे कोनं केलं?" मी ओरडलो.

"म्या," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्या काल दुपारी गॅरेजात आल्या होत्या. ड्रम वाळत होते, मी जेवायला गेलेलो. त्यांनी ड्रम उचलून पाहिले तर आतून रंगच नाही. "मले वाटलं, तू कंटाळा केला. साहेब आतून पाहीन अन् मारीन बोंब. डबा होता, ब्रश होता. दोन झाले अन् डबा सरला."

"अन् मिस्त्रीनं चढवताना पाहिलं नाई?"

"पाह्यलं. मी मारलं तेव्हा तो नव्हता. आला अन् म्हणे, पेंटरनं काई नवीन अक्कल काढली असन. मी त्याले इचारत नाई."

मी आणखी ओरडणार होतो. पण बाई गाड्यांच्या रांगेकडे बघत होत्या. त्या लेकराकडे. मग त्यांनी पिशवी सीटवर ठेवली, पदर खोचला आणि मला विचारलं, "हे निघते का?"

"निघते. घासाव लागन. लोखंड लागतपर्यंत."

"साहेब संध्याकाळी जाते."

माझ्याकडे ना तारेचा ब्रश होता ना कागद. मी टाकीतून पेट्रोल काढलं आणि फडक्यानं पुसायला लागलो. रंग नुसता इकडचा तिकडे व्हायचा. राजोबाई शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं.

"गंज घासले नाई का कधी?" ती म्हणाली. इथं गंज म्हणजे मोठं पातेलं. मी घासला नव्हता, हे तिला दिसतच होतं. तिनं ड्रम मांडीत घेतला, नदीची ओली वाळू मूठभर टाकली, गवताची चुंबळ केली आणि हात फिरवायला लागली. करकर आवाज यायला लागला. वाळूचं पाणी रुपेरी झालं. दुसऱ्या ड्रमला आणखी दोघी बसल्या. एकीनं कडेचा रंग विळ्यानं खरवडला. गाडीवाल्यांच्या बायकाही आल्या. आपल्या अंगावर येणारी मोटार बसून घासायची ही संधी त्यांना काही रोज मिळत नव्हती. पाळीपाळीनं घासणं चाललं, वर गाणंही लागलं. गाणं ड्रायव्हरबद्दल होतं आणि छापण्यासारखं नव्हतं. लटारी हसला तेव्हा समजलं की तो बरा झाला.

सुभद्राबाई त्यांच्यातच बसल्या होत्या. घासत होत्या. मी लायनिंगच्या पट्ट्या खडबडीत दगडावर उगाळत होतो. हत्तीण वाळूतून काढली होती तीही गाडीवाल्यांच्याच बैलांनी. ज्यांच्या अंगावर आम्ही चाललो होतो, त्यांनीच आम्हाला बाहेर ओढलं, आणि ओढताना शिव्या दिल्या. हक्क होता त्यांचा.

ड्रम चढवले, काठावर लटारीनं तीनदा गाडी चालवून थांबवून पाहिली, आणि मग सगळे पुन्हा चढले. कोणी मागं राहिलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. राजोबाई म्हणाली, "म्या घासला ना. आता काऊन भिऊ?"

गडचिरोलीला पोचलो तेव्हा साहेब निघायच्या तयारीत होता. त्यानं हत्तीण चालवायला लावली आणि स्वतः आत बसून "थांबवा!" म्हणाला. लटारीनं असा ब्रेक मारला की साहेबाची टोपी काचेवर आपटली. साहेबानं टोपी उचलली, खाली उतरला आणि पुढचं चाक काढायला सांगितलं. बाहेरची चांदी पाहून खूश झाला. किल्ली काढून खरवडली, टवका निघाला नाही. मग ड्रम उलटा करून आत डोकावला. आतून तो लखलखत होता, पण वाळूचे आणि विळ्याचे बारीक ओरखडे होते.

"हे फिनिशिंग कोणत्या कंपनीचं?" साहेबानं विचारलं.

लटारी ताठ उभा राहून म्हणाला, "धानोरा आणि मंडळी, साहेब."

साहेबानं मान डोलावली आणि गाडी पास केली. राजोबाई तेव्हा झाडाखाली सांडलेला मोह निवडत बसली होती.

परतताना सुभद्राबाई म्हणाल्या, "गणपत, मले हे काम शिकव. कुठी मारायचं अन् कुठी नाई मारायचं, सारं. मालकाले मालाचं समजलं पायजे." मी म्हटलं शिकवतो. त्या विसरतील असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून गॅरेजात हजर. मिस्त्रीशी माझं बोलणंही त्यांनीच सुरू करून दिलं. म्हणाल्या, "तुमच्या अबोल्यानं माणसं मेली असती. बोला आता, नाई तर दोघायलेही हत्तिणीखाली घालतो."

पुढं तीनेक वर्षांत तो रस्ता सरकारी बसकडे गेला. सुभद्राबाईंचं परमिट गेलं, दिराचंही व्हायचं राहिलं. हत्तीण एका लाकूड ठेकेदारानं घेतली, वरचा सागवानी डबा उतरवून तिचा पुन्हा ट्रक केला आणि आलापल्लीच्या जंगलात ओंडके वाहायला लावली. एकदा ती वाटेत दिसली होती. मी ओळखलं आणि दुसरीकडे बघितलं. मोटारीसाठी डोळे भरून यावेत असा माझा स्वभाव नाही, पण त्या दिवशी रस्त्यावर धूळ फार होती.

लटारीला सरकारी बसवर नोकरी लागली. सुभद्राबाईंना कोण नोकरी देणार? त्या गॅरेजात आल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "मी इथी काम करतो." मिस्त्री म्हणाला, "गॅरेजात बाई मानूस? लोक का म्हणतीन?" त्या म्हणाल्या, "लोकायले पाठव माझ्याकडं." लोक काही आले नाहीत. गिऱ्हाइकं आली. सुरुवातीला ट्रकवाले लांबून बघून हसायचे. मग आपलंच काम त्यांच्याकडून करून मागायला लागले, कारण त्या माझ्यासारखी घाई करत नव्हत्या. ड्रमवर बोटाचा एक डाग दिसला तर पुन्हा धुवायला लावायच्या. बंदूक त्यांच्या हातात माझ्यापेक्षा सरळ चालायची. हे मला लिहायला आवडत नाही, पण मिस्त्री हा अंक वाचणार आहे.

एक खंत आहे. नाकाला फडकं बांधायचं आम्हाला कधी सुचलं नाही. ती रुपेरी धूळ आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षं ओढली. मला अजून खोकला आहे, बाईंनाही होता. रंगाला काय चालतं आणि काय नाही हे आम्ही नीट शिकलो, छातीला काय चालतं ते विचारायला कोणाकडे गेलो नाही.

एका दुपारी गॅरेजासमोर सरकारी बस थांबली. पुढच्या चाकातून जळका वास येत होता. खाकी कपडे, बिल्ला, टोपी असा ड्रायव्हर उतरला. लटारी! सरकारी अन्न लागून मिशा आणखी वाढल्या होत्या. मला म्हणाला, "पेंटर, जरा चाक पाह्य ना. डेपोत सांगाले गेलो तर माझ्यावरच येईन. लवकर कर, टायमाची गाडी आहे. मी तोवर चहा पेतो."

मी काही बोलायच्या आत शेजारच्या ट्रकखालून सुभद्राबाई बाहेर आल्या. कासोटा घातलेला, कोपरापर्यंत चांदी. त्या इथं भेटतील असं लटारीच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं टोपी काढली. बसमधले पॅसेंजर खिडक्यांतून बघत होते.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं आणि पाना त्याच्या हातात दिला.

"पॅसेंजर उतरव," त्या म्हणाल्या. "अन् तू बस खाली. चाक खोल."

लटारीनं टोपी बॉनेटवर ठेवली, खाकी पँटीचे पाय वर केले आणि मातीत बसून नट ढिले करायला लागला.